खोक्यावर 'एचडीआर' लिहिले आहे, मग चित्र अंधारे का? ओएलईडी घ्यावा की मिनी एलईडी?

सांजउन्हे

नमस्कार मंडळी. तीन वर्षांपूर्वी आम्ही ४३ इंची एलईडी टीव्ही घेतला. खोक्यावर, माहितीपत्रकात आणि विक्रेत्याच्या तोंडी 'एचडीआर' (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला) हा शब्द इतक्या वेळा आला होता की, घरी येऊन टीव्ही लावताना माझ्या अपेक्षा बऱ्याच वाढलेल्या होत्या. अनुभव मात्र नेमका उलटा आला. कोपऱ्यात एचडीआरचे चिन्ह उमटले की चित्र काळवंडते, आणि रात्रीच्या प्रसंगात कोण कोणाशी बोलत आहे हे आवाजावरून ओळखावे लागते. तोच चित्रपट माझ्या सात वर्षे जुन्या लॅपटॉपवर लावला, तर सगळे स्वच्छ दिसते.

आता बैठकीच्या खोलीसाठी ५५ इंची टीव्ही घ्यायचा आहे. घर नाशिकला आहे, खोली पश्चिमेकडे आहे, खिडकी सात फूट रुंद आहे आणि दुपारी तीननंतर ऊन थेट आत येते. दिवसा आई मालिका पाहते, सुटीच्या दिवशी क्रिकेट असते आणि रात्री साडेदहानंतर आम्ही दोघे चित्रपट पाहतो. एका दुकानात ओएलईडी घ्या म्हणाले, दुसऱ्यात मिनी एलईडी, तर तिसऱ्याने क्यूएलईडी हाच खरा ओएलईडी असल्याचे छातीठोकपणे सांगितले. एचडीआर ही खरोखर काही वस्तू आहे की नुसते स्टिकर, आणि माझ्या खोलीला यांपैकी काय मानवेल, हे जाणकारांनी सांगावे.

वाचनमात्र

तिसऱ्या दुकानदाराला माझा नमस्कार कळवा.

रंगपेटी

मी अंधेरीत चित्रपटांच्या आणि वेबमालिकांच्या ग्रेडिंगचे, म्हणजे चित्राचे रंग आणि उजेड जुळवण्याचे काम करतो, त्यामुळे हे रडगाणे आठवड्यातून एकदा तरी ऐकतो, आणि बहुतेक वेळा तक्रार खरी असते.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एसडीआर चित्रात प्रकाशाचा हिशोब सापेक्ष असतो. आम्ही ते चित्र १०० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) पडद्यावर तयार करतो, पण संकेतात "या पडद्याला जमेल तितके पांढरे" एवढेच लिहिलेले असते. तुमचा टीव्ही ३०० निट्स देत असेल, तर तो सगळेच चित्र तिपटीने उजळ करून दाखवतो. आपण सर्वांनी आयुष्यभर हेच वाढीव उजळलेले चित्र पाहिले आहे आणि त्यालाच 'नॉर्मल' समजत आलो आहोत.

एचडीआरमध्ये हिशोब बदलला. डॉल्बीने विकसित केलेली आणि २०१४ मध्ये एसएमपीटीई एसटी २०८४ या नावाने मानक ठरलेली जी प्रकाशवक्ररेषा आहे, तिला आम्ही थोडक्यात 'पीक्यू' म्हणतो. तिच्यात शून्यापासून १०,००० निट्सपर्यंतची प्रत्यक्ष मूल्ये लिहिलेली असतात. एखाद्या चेहऱ्यावर आम्ही ४० निट्स ठेवले, तर टीव्हीने ४०च दाखवावेत अशी अपेक्षा असते. तोच चेहरा एसडीआरमध्ये तुमच्या टीव्हीवर १२० निट्सने दिसत होता. चित्र काळवंडल्यासारखे वाटण्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण टीव्हीच्या ताकदीचे आहे. त्याच चित्रात दिव्याच्या ज्योतीला आम्ही ८०० किंवा १,००० निट्स दिलेले असतात आणि तुमचा पडदा ३००च्या पुढे जाऊ शकत नाही. मग टीव्हीपुढे दोनच मार्ग उरतात. एक तर ३००च्या वरचे सगळे छाटून टाकायचे, म्हणजे ज्योत पांढऱ्या ठिपक्यासारखी सपाट होते, किंवा संपूर्ण चित्र खाली दाबून त्या ज्योतीसाठी जागा करायची, म्हणजे आधीच मंद असलेले चेहरे आणखी मंद होतात. या तडजोडीला टोन मॅपिंग म्हणतात आणि स्वस्त टीव्ही ती फार ओबडधोबड करतात. खोक्यावरच्या 'एचडीआर' या शब्दाचा अर्थ एवढाच, की हा टीव्ही एचडीआरचा संकेत स्वीकारतो. तो दाखवण्याची त्याची कुवत आहे की नाही, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

जुनाट अँटेना

म्हणजे शेवटी स्टिकरच. १९८२ मध्ये एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, तेव्हा आमच्या वाड्यात एकाने कृष्णधवल टीव्हीसमोर निळ्या-हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा प्लास्टिकचा कागद लावला होता आणि तो "आमचा रंगीत आहे" असे सांगत असे. आकाश निळे दिसे, पण माणसांचे कपाळही निळे दिसे. आजचे हे खोके पाहिले की मला तो कागद आठवतो.

रंगपेटी

अँटेनाकाका, स्वस्त टीव्हींच्या बाबतीत तुमची उपमा मला पूर्ण मान्य आहे. मात्र रंगीत टीव्ही ही वस्तू त्या कागदामुळे खोटी ठरली नव्हती.

छायाप्रकाश

मी हौशी छायाचित्रकार आहे. आम्ही कमी, मध्यम आणि जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो काढून ते एकत्र करतो, त्यालाही एचडीआर म्हणतात. त्या फोटोंत ढग आणि सावल्या दोन्ही दिसतात, पण चित्र बरेचदा रंगवलेल्या कॅलेंडरासारखे होते. टीव्हीतही तेच होते का?

पुंजका

नावच तेवढे एक आहे, काम जवळजवळ उलटे आहे. तुम्ही निसर्गातली प्रकाशाची मोठी पल्लेदार श्रेणी दाबून साध्या पडद्यात किंवा कागदात कोंबता. टीव्हीच्या एचडीआरमध्ये पडद्याचीच श्रेणी वाढवायची असते, म्हणजे दाबावे लागू नये. पडदा कमकुवत असला की रंगपेटी यांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा दाबणे आलेच, आणि मग ते तुमच्या कॅलेंडराच्या दिशेने जाते.

भौतिकशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो. साध्या आठ-बिट संकेतात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, दहा-बिट संकेतात १,०२४. एवढ्या पायऱ्यांत १०,००० निट्सपर्यंत जायचे, तर मधल्या उड्या डोळ्याला दिसतील अशी भीती होती. पीक्यू वक्ररेषा बेतताना माणसाच्या डोळ्याला कोणत्या उजेडात किती सूक्ष्म फरक कळतो याचा आधार घेतला. अंधाऱ्या भागातले फरक आपल्याला बारकाईने जाणवतात, म्हणून पायऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या पायऱ्या सुमारे ९२ निट्सच्या खालीच खर्च केल्या आहेत, आणि १,००० निट्सपर्यंत पोहोचेतो तीन चतुर्थांश संपतात. एचडीआर म्हणजे डोळे दिपवणारा झगझगाट ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. खरा खर्च सावल्यांवर केलेला आहे.

सांजउन्हे

रंगपेटी आणि पुंजका, मनापासून आभार. इतक्या वर्षांत हे कोणी सांगितले नव्हते. पण सावल्यांवर एवढा खर्च केला असेल, तर मला नेमक्या सावल्याच का दिसत नाहीत?

पुंजका

कारण सावल्या दाखवण्यासाठी पडद्याला काळे होता आले पाहिजे, आणि तुमच्या पडद्याला ते येत नाही. हाच मुद्दा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे नेतो.

तुमचा एलईडी टीव्ही म्हणजे मुळात एलसीडी पडदाच, आणि एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्या मागे एलईडीचा उजेड सतत चालू असतो आणि समोरचे द्रवस्फटिक हे झडपेसारखे तो उजेड अडवतात. झडप पूर्ण मिटत नाही, थोडा उजेड गळतोच. आयपीएस प्रकारच्या पॅनेलमध्ये पांढऱ्या-काळ्याचे प्रमाण साधारण हजारास एक असते, व्हीए प्रकारात ते तीन ते पाच हजारांपर्यंत जाते. आयपीएसचा फायदा असा, की बाजूने पाहिले तरी रंग फारसे उतरत नाहीत. खोक्यावर यातला प्रकार बहुधा लिहिलेला नसतो.

ही गळती कमी करण्यासाठी मागच्या उजेडाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे मंद करता येतो. त्याला लोकल डिमिंग आणि तुकड्यांना झोन म्हणतात. मिनी एलईडी म्हणजे याच कल्पनेचे पुढचे पाऊल. दिवे फार लहान केले, त्यामुळे ते हजारोंनी बसवता आले आणि झोनांची संख्या शेकड्यांत किंवा हजारांत गेली. तरीही ४के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल असतात, तेव्हा एका झोनच्या वाट्याला हजारो पिक्सेल येतात. काळ्या आकाशात चंद्र असेल, तर चंद्राच्या झोनमधले आकाशही थोडे उजळते आणि त्याच्याभोवती धुरकट वलय दिसते.

ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच प्रकाशतो आणि स्वतःच विझतो, त्यामुळे वलयाचा प्रश्नच येत नाही. याचा पाया कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये घातला, सोनीने २००७ मध्ये ११ इंची ओएलईडी टीव्ही विकायला काढला आणि एलजीने २०१३ मध्ये ५५ इंची आणला.

तिसऱ्या दुकानदाराचा क्यूएलईडी मात्र एलसीडीच आहे. मागच्या निळ्या उजेडापुढे क्वांटम डॉट म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा पापुद्रा लावतात, ते कण निळ्याचे शुद्ध लाल आणि हिरवे करतात आणि रंग अधिक गडद मिळतात. कणांचे शास्त्र अस्सल आहे, त्याच्या शोधासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण काळे किती काळे दिसेल, याच्याशी त्या पापुद्र्याचा संबंध नाही.

जुनाट अँटेना

'ओ'ला एक शेपटी काढली की 'क्यू' होतो. नाव ठेवणाऱ्याला नोबेल नाही तरी एखादी शाल-श्रीफळ द्यायला हरकत नव्हती.

परसातली तुळस

मी न्यू जर्सीहून लिहिते आहे. आमच्याकडे २०१८ पासून ५५ इंची ओएलईडी आहे. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहिला, की त्याच्या तोडीचे दुसरे काही मी पाहिलेले नाही. काळा भाग इतका काळा असतो, की पडद्याची चौकट कोठे संपते आणि खोलीचा अंधार कोठे सुरू होतो ते कळत नाही.

परंतु एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. साथीच्या काळात माझे सासरे आमच्याकडे राहिले होते आणि ते सकाळी सातपासून मराठी बातम्यांची वाहिनी लावून बसत. मराठी वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर बातमीसाठी किती जागा उरते हे आपण सारे जाणतोच. खाली लाल पट्टी, तिच्यावर पिवळी पट्टी, उजवीकडे वरती बोधचिन्ह आणि डावीकडे घड्याळ. दीड वर्षाने आमच्या पडद्यावर त्या पट्टीचा ठसा कायमचा उमटला. आज पूर्ण लाल किंवा करडे चित्र आले, की ती पट्टी भुतासारखी दिसते. सेंद्रिय पदार्थ वापरानुसार झिजतो, आणि जो भाग जास्त वेळ उजळ राहतो तो जास्त झिजतो, असे मला तेव्हा कळले. वॉरंटीत हे बसत नाही, असे उत्तर मिळाले.

सांजउन्हे यांच्या आई दिवसभर एकच वाहिनी लावत असतील, तर हा विचार अवश्य करावा.

वाचनमात्र

म्हणजे ब्रेकिंग न्यूजने खरोखरच काहीतरी ब्रेक केले.

पुंजका

तुळसताईंचा अनुभव खरा आहे, पण तो सरसकट लागू करू नये असे मला वाटते. नंतरच्या पॅनेलमध्ये चित्र हलकेच सरकवणे, स्थिर बोधचिन्ह ओळखून तेवढाच भाग मंद करणे आणि टीव्ही बंद असताना पॅनेलची झीज समतोल करणे अशा सोयी बऱ्याच सुधारल्या आहेत. मालिका, चित्रपट, सामने असे मिश्र पाहणाऱ्या घरात ठसा उमटण्याची शक्यता आता फार मोठी राहिलेली नाही.

परसातली तुळस

समतोल करण्यासाठी टीव्हीला वीज मिळत राहावी लागते, पुंजका. माझे सासरे झोपण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करत असत, आणि मला खात्री आहे की नाशिकच्या आईसुद्धा तेच करत असतील.

सांजउन्हे

करते. गॅसचा नॉब, नळ आणि टीव्हीचे बटण, या क्रमाने.

तिसरा स्लिप

सगळे चित्रपटांबद्दलच बोलत आहेत, म्हणून क्रिकेटची बाजू मांडते. दुपारी वानखेडेवर स्टँडची सावली अर्ध्या मैदानावर येते, तेव्हा गोलंदाज उन्हात आणि फलंदाज सावलीत असतो. कॅमेरावाल्याने उन्हाशी जुळवून घेतले, तर सावलीतला खेळाडू काजळून जातो, आणि सावलीशी जुळवले, तर उन्हातले गवत पांढुरके होते. चेंडू सीमारेषेकडे जाताना कॅमेरा एकदम उजळतो-मावळतो हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. माझ्या मते एचडीआरचा सर्वांत मोठा लाभ सामन्यांना व्हायला हवा. त्याबद्दल कोणी लिहील का?

रंगपेटी

आपण उत्तम उदाहरण दिलेत, चित्रपटापेक्षाही बोलके. थेट प्रक्षेपणासाठीच बीबीसी आणि जपानची एनएचके यांनी मिळून एचएलजी ही वेगळी पद्धत तयार केली. तिच्यात प्रकाशाची निरपेक्ष मूल्ये नसतात आणि सोबत वेगळी माहितीही पाठवावी लागत नाही. वक्ररेषेचा खालचा भाग जुन्या टीव्हीच्या वळणाचा ठेवून फक्त वरच्या, उजळ भागासाठी नवी रेषा जोडली आहे. म्हणून त्याच संकेतावर साध्या टीव्हीवरही बरे चित्र दिसते. बीबीसीने २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने आपल्या आयप्लेअरवर याच पद्धतीने दाखवले होते. ऊन आणि सावली एकाच चौकटीत नांदतात, ती तुम्ही सांगितलेलीच परिस्थिती.

डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ यांच्याबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहून टाकतो. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या एचडीआर१०मध्ये संपूर्ण चित्रपटासाठी प्रकाशाची एकच माहिती पाठवतात. त्यामुळे एका स्फोटाच्या दृश्यापायी सगळा चित्रपट दाबला जाऊ शकतो. डॉल्बी व्हिजनमध्ये दृश्यागणिक, अगदी चौकटीगणिकही माहिती देता येते, आणि तिच्यासाठी टीव्ही कंपनीला डॉल्बीकडून परवाना घ्यावा लागतो. सॅमसंगने तो परवाना न घेता ॲमेझॉनबरोबर २०१७ मध्ये तशीच सोय असलेले एचडीआर१०+ पुढे आणले, त्यामुळे सॅमसंगच्या टीव्हीत आजही डॉल्बी व्हिजन नाही. चांगल्या पडद्यावर एकच माहिती आणि दृश्यागणिक माहिती या दोहोंतला फरक शोधण्यासाठी मला स्वतःला दोन पडदे शेजारी ठेवावे लागतात. मध्यम पडद्यावर मात्र दृश्यागणिक माहितीचा खरोखर उपयोग होतो, कारण तडजोड जास्त करावी लागते.

जुनाट अँटेना

मला या धाग्यात प्लाझ्मा टीव्हीचे नाव कोणीच घेतलेले नाही याचे वाईट वाटते. आमच्याकडे ५० इंची प्लाझ्मा दहा वर्षे होता. तोही स्वतः प्रकाशणारा, चेंडू कधी पुसट न होणारा आणि हिवाळ्यात खोली गरम ठेवणारा. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबवले आणि वर्षभरात बाकीच्यांनीही गाशा गुंडाळला. चांगली वस्तू बाजारात हरते ती दुकानातल्या ट्यूबलाइटमुळे. शोरूमच्या उजेडात प्लाझ्मा मलूल दिसे आणि शेजारचा एलसीडी पेढेवाल्याच्या दुकानासारखा चमके.

सोल्डरगन

अँटेनाकाकांचे शेवटचे वाक्य चौकटीत लावण्यासारखे आहे. मी सांगलीत टीव्हीदुरुस्तीचे काम करतो. दुकानात टीव्ही नेहमी 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर असतो, आणि गिऱ्हाईक तो तसाच घरी चालवते. बॅकलाइट शंभरावर ठेवून रोज दहा तास चालवला, की मागच्या एलईडीच्या पट्ट्या तापतात. पट्टीतले दिवे एकामागे एक जोडलेले असतात, एक गेला की पट्टी जाते आणि मग "आवाज येतो, चित्र नाही" म्हणून टीव्ही माझ्याकडे येतो. माझ्याकडच्या एलसीडीच्या कामांत सर्वाधिक काम हेच आहे. ते आटोपशीर खर्चात होते.

ओएलईडीचे पॅनेल गेले तर मी हात जोडतो. नवे पॅनेल जवळजवळ नव्या टीव्हीच्या किमतीला पडते. मिनी एलईडीचा मागचा बोर्डही साध्या पट्टीसारखा सहज मिळत नाही, हेही सांगून ठेवतो. कोणताही घ्या, स्टॅबिलायझर लावा आणि बॅकलाइट गरजेपुरताच ठेवा.

एक लहानशी सूचना सांजउन्हे यांना. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा, आणि वीज वाचवण्याचा 'इको' पर्याय बंद करा. निम्म्या तक्रारी त्या इकोच्याच असतात. तो चालू असला, की खोलीत अंधार पडताच टीव्ही आपण होऊन आणखी मंद होतो.

सांजउन्हे

सोल्डरगन, आताच पाहिले. इको चालू होता. बंद केल्यावर फरक पडला, तरी ज्योतीचा पांढरा ठिपका कायम आहे. पण चेहरे दिसू लागले, हेही नसे थोडके. अंधाराचे निम्मे कारण स्वतःच्याच घरात निघाल्यामुळे दुकानदारावरचा माझा राग निम्मा कमी झाला आहे.

छायाप्रकाश

मागच्या महिन्यात पुण्याला गेलो होतो, तेव्हा खराडीच्या सिटी प्राइडमधले डॉल्बी सिनेमा पाहून आलो. ते २०२५ मध्ये सुरू झाले आणि भारतातले त्या प्रकारचे पहिले आहे. तिथला काळा रंग पाहून मी शेजारच्याला विचारले, की दिवा गेला का? मग असा प्रश्न पडतो, की चित्रपटगृहात तर १,००० निट्स नसतातच, तरीही तिथे ते इतके प्रभावी का वाटते?

रंगपेटी

साध्या चित्रपटगृहात पांढऱ्या पडद्यासाठी ४८ निट्सचे मानक आहे, आणि डॉल्बी सिनेमात ते सुमारे १०८ निट्सपर्यंत नेतात. घरच्या टीव्हीच्या मानाने हे आकडे हास्यास्पद वाटतील. पण तिथे भिंती काळ्या असतात, दिवे मालवलेले असतात आणि डोळा अंधाराला सरावलेला असतो. चित्राचा जोर दोन टोकांमधल्या अंतरावर असतो, वरच्या आकड्यावर नाही. घरात मात्र खालचे टोक खोली ठरवते.

पुंजका

हा खोलीचा मुद्दा सांजउन्हे यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे, म्हणून थोडे गणित मांडतो. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत.

समजा, ओएलईडी दिवसाच्या उजळ चित्रात ५०० निट्स देतो आणि त्याचे काळे शून्य आहे. मिनी एलईडी १,००० निट्स देतो आणि डिमिंग न धरता त्याचे काळे ०.२ आहे. रात्री, दिवे मालवल्यावर, मिनी एलईडीचे प्रमाण पाच हजारास एक भरते आणि ओएलईडीचे अनंत. इथे वाद संपला.

आता दुपारी चार वाजता तुमच्या खिडकीतून आलेला उजेड पडद्यावरून परावर्तित होऊन डोळ्याकडे येतो. तो ५ निट्स धरू. तो काळ्यातही मिसळतो आणि पांढऱ्यातही. ओएलईडीचे प्रमाण ५०५ भागिले ५, म्हणजे सुमारे १०१ होते. मिनी एलईडीचे १,००५ भागिले ५.२, म्हणजे सुमारे १९३. अनंत आणि पाच हजार यांच्यातली सगळी चर्चा त्या खिडकीने धुऊन टाकली, आणि जो जास्त उजळ तो जिंकला.

यात एक पुरवणी. पूर्ण पडदा उजळ असताना ओएलईडी वीज आणि उष्णता आवरण्यासाठी स्वतःला मंद करतो. तुळसताईंच्या पिढीच्या टीव्हीत लहानसा ठिपका ७०० निट्सच्या आसपास जाई, पण संपूर्ण पांढरा पडदा दीडशेच्या आसपास राही. नव्या पॅनेलमध्ये हे बरेच सुधारले आहे. तरीही हिरव्यागार, उन्हातल्या मैदानासाठी हा हिशोब लक्षात ठेवावा.

तिसरा स्लिप

पुंजका यांचे गणित पटले, पण परावर्तन सर्व पडद्यांचे सारखे नसते. माझ्या भावाकडे क्वांटम डॉटवाला ओएलईडी आहे. २०२२ पासून सॅमसंग आणि सोनी या दोघांनीही हे टीव्ही आणले. रात्री त्याचे रंग अप्रतिम दिसतात, पण दिवसा बंद टीव्हीसुद्धा किंचित जांभळट-करडा दिसतो. दुसरीकडे एलजीच्या पद्धतीचा पडदा दिवसाही काळा राहतो. तेव्हा ओएलईडी घ्यायचा झाला, तर कोणत्या जातीचा, हेही पाहावे लागेल.

पुंजका

बरोबर आहे, मी दोन्हींसाठी एकच ५ निट्स धरले ही माझी सूट होती. क्वांटम डॉटवाल्या पडद्यात बाहेरचा उजेड अडवणारा ध्रुवक थर (पोलरायझर) नसतो, त्यामुळे बाहेरचा उजेड आत जाऊन परत येतो. उलट एलजीच्या नेहमीच्या पद्धतीत लाल, हिरव्या, निळ्यासोबत चौथा पांढरा उपपिक्सेल असतो, त्यामुळे अतिउजळ भागात रंग थोडे फिके पडतात. दोघांनीही काहीतरी गहाण ठेवलेच आहे.

परसातली तुळस

अजून एक गोष्ट कोणी लिहिली नाही. ओएलईडीचे पिक्सेल क्षणार्धात बदलतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, त्यामुळे कॅमेरा सावकाश आडवा फिरताना चित्र अडखळत चालल्यासारखे दिसते. एलसीडीत पिक्सेल आळशी असतात, तोच आळस तिथे ते अडखळणे झाकतो. मला पहिले दोन आठवडे फार त्रास झाला, नंतर डोळा सरावला. यजमानांना आजवर ते दिसलेले नाही, आणि मी दाखवलेलेही नाही.

वाचनमात्र

संसाराचा हा फिल्ममेकर मोड आवडला.

सांजउन्हे

मंडळी, दहा दिवसांनी परत आलो आहे. आपण लिहिलेले सगळे छापून घेऊन रविवारी दुकानात गेलो. विक्रेत्याला व्हिव्हिड मोड बंद करायला सांगितले, तेव्हा त्याने माझ्याकडे आयकर अधिकाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले. मग त्याला बाजूच्या दोन ट्यूबलाइट मालवायला लावल्या. तेवढ्या अंधारात चांदण्यांचे दृश्य लावल्यावर मिनी एलईडीवर चांदण्यांभोवती वलय दिसले आणि ओएलईडीवर प्रत्येक चांदणी टाचणीच्या टोकाएवढी स्वच्छ. पत्नीने तिथेच ओएलईडीला मत दिले. मग दिवे लावून सामना लावला आणि आईने, जिला आम्ही सहज बरोबर नेले होते, मिनी एलईडीकडे बोट दाखवून "याच्यावर चेंडू दिसतो" असे सांगितले.

घरी येऊन हिशोब केला. टीव्ही दिवसा सहा तास चालतो आणि रात्री जेमतेम दीड तास. शिवाय बातम्यांच्या पट्ट्या आहेत आणि भिंतीवरचे बटणही आहे. म्हणून ५५ इंची मिनी एलईडी, व्हीए पॅनेलचा, डॉल्बी व्हिजन असलेला, असे ठरवले आणि काल तो घरी आला. सोफा समोरच असल्यामुळे बाजूच्या कोनाचा प्रश्न आम्हाला फारसा नाही. ज्योतीचा ठिपका आता ज्योत झाला आहे, वातीचा निळसर भागही दिसतो. चांदण्यांची वलये आहेत. पत्नीला ती रोज दिसतात आणि ती मला रोज दाखवते.

जुना ४३ इंची शयनगृहात लावला आणि स्ट्रीमिंगच्या डब्यातून त्याचा एचडीआर बंद करून टाकला. एसडीआरमध्ये तो फारच छान दिसतो.

रंगपेटी

कमकुवत पडद्यावर एचडीआर बंद करणे हा निर्णय ग्रेडिंगवाला म्हणून मला थोडा बोचला, पण तो योग्य आहे. एसडीआरची प्रतही आम्हीच तपासून दिलेली असते.

वलयांसाठी एक उपाय. टीव्हीच्या मागे भिंतीवर मंद, ६,५०० केल्व्हिनचा पांढरा दिवा लावा. डोळ्याची बाहुली थोडी आकसते, काळे अधिक काळे वाटते आणि वलये बरीचशी लपतात. रंगीबेरंगी पट्टी मात्र लावू नका, ती चित्राचे रंग बिघडवते.

जुनाट अँटेना

म्हणजे एवढ्या लाखाच्या टीव्हीमागे शेवटी दिवाच लावायचा. आमच्या आईने १९८२ लाच सांगितले होते, अंधारात टीव्ही पाहू नका.

सोल्डरगन

स्टॅबिलायझर लावला का?

सांजउन्हे

लावला. त्याचेही बटण आई रात्री बंद करते.

नवा सदस्य ७

धागा पूर्ण वाचला नाही, पण ३२ इंचीमध्ये बारा हजारांच्या आत चांगला एचडीआर कोणता ते सांगता का?

जुनाट अँटेना

माझ्याकडे तो प्लास्टिकचा कागद अजून आहे. व्यक्तिगत निरोप करा.